तीस लाख वर्षांपूर्वीचा आंबट समुद्र

मंगळवारी दुपारी यंत्राने जो आकडा दिला, त्यावर विश्वास ठेवायचा तर तीस लाख वर्षांपूर्वीचा समुद्र जवळजवळ लिंबाच्या रसाइतका आंबट होता. मॅडमनी आकडा पुन्हा वाचला. चष्मा पुसून वाचला. मग घरी मिक्सरला मारतात तशी यंत्राच्या कुशीत एक हलकी चापट मारली. आकडा जागचा हलला नाही.

मॅडमचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. समुद्राच्या तळाशी खसखशीहूनही बारीक जिवांची कवचं थरावर थर साचत जातात. तो जीव ज्या पाण्यात वाढला, त्या पाण्याचा आंबटपणा त्याच्या कवचातल्या चिमूटभर बोरॉनमध्ये उतरलेला असतो. पाणी किती आंबट होतं ते कळलं, की त्या काळच्या हवेत कार्बन डायऑक्साईड किती होता ते काढता येतं. अडचण एवढीच, की चमचाभर गाळात पन्नास जातींची हजारो कवचं असतात आणि हवी असते एकच जात. ती एकेक करून, एका केसाच्या ब्रशने टिपून वेगळी काढावी लागते.

हे टिपण्याचं काम एकतीस वर्षं निवडकाका करत होते. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांबलचक होतं, की त्यांचं त्यांनाच ते पाठ नव्हतं. या वेळी बारा थरांची कवचं निवडायला त्यांना चौदा महिने लागले होते. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि पुढे वर्षभर त्यांना कंत्राटावर ठेवायचं संचालकांनी तोंडी कबूल केलं होतं. त्याच शुक्रवारी तपासणी समिती येऊन मॅडमचे निष्कर्ष ऐकणार होती. आणि बारापैकी सहा थर आम्लात विरघळून, यंत्राच्या पोटात जाऊन, कायमचे संपले होते; ट्रेमध्ये नमुन्यादाखल मागे ठेवलेली मोजकी कवचं तेवढी उरली होती. वरच्या खणातले ट्रे हाताशी होते, म्हणून आधी तेच घेतले होते.

"काय म्हणतो समुद्र?" काकांनी दारातून विचारलं.

"समुद्राला ॲसिडिटी झालीय, काका."

काका जवळ आले, पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. "मग आपलंच काहीतरी चुकलं असणार. समुद्र कशाला चुकेल?"

मॅडमनी एक रिकामी नळी यंत्राला लावली. तिच्यात कवच नव्हतं, नुसतं शुद्ध केलेलं आम्ल होतं. तिच्यातही भरपूर बोरॉन निघालं. म्हणजे ते बाहेरून येत होतं. कुठून, हा प्रश्न होता. बोरॉन हा मोठा चिकट पाहुणा. काचेत असतो, म्हणून मॅडमच्या खोलीत नळ्यासुद्धा प्लास्टिकच्या. शिवाय कपडे धुवायच्या काही पावडरींत असतो, अंगाला लावायच्या पावडरींत असतो, डोळ्यांत घालायच्या थेंबांत असतो. मॅडमनी ही सगळी यादी ठळक अक्षरांत लिहून खोलीच्या दारावर चिकटवली आणि खाली लिहिलं, 'यांपैकी काहीही वापरणाऱ्याने आत येऊ नये.' काकांनी यादी दोनदा वाचली, शर्टाचा खिसा चाचपला आणि चहा प्यायला निघून गेले.

त्या संध्याकाळी घरी पाऊल टाकताच मॅडमना ओट्याखाली एक पांढरी गोळी दिसली. मग फ्रिजमागे एक. मग चपलांच्या कपाटात तीन.

"आई, हे काय आहे?"

"झुरळांच्या गोळ्या," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "कणीक, साखर आणि बोरिक पावडर. रविवारी चाळीस वळल्या. तुझ्या पिशवीच्या कप्प्यातसुद्धा दोन ठेवल्यात. एक झुरळ दाखव घरात, मी नाव बदलीन."

मॅडमनी तिथेच पिशवी उलटी केली, तर दोनऐवजी एकच गोळी निघाली. त्यांनी घर पिंजून काढलं, एकूण एकोणचाळीस गोळ्या पिशवीत बांधून खाली नेऊन टाकल्या, आणि अंगावरचे कपडे नुसत्या पाण्यात बुचकळले.

"अगं पण का?" सासूबाई मागेमागे फिरत विचारत होत्या.

मॅडमनी जमेल तेवढं समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तीस लाख वर्षांपूर्वी मेलेल्या किड्यांसाठी तू आजची जिवंत झुरळं मोकळी सोडतेयस?"

नवऱ्याने वर्तमानपत्र जरा वर उचललं. त्यामागे तो हसत होता, हे कागदाच्या थरथरण्यावरून कळत होतं.

बुधवारी मॅडम धुतल्या तांदळासारख्या होऊन कामावर गेल्या आणि नवी रिकामी नळी लावली. बोरॉन होतं तेवढंच. मग त्यांनी मोहीमच काढली. ओल्या कापसाच्या बोळ्याने टेबलं पुसली, दारांच्या मुठी पुसल्या, माणसांचे हात पुसले, आणि बोळे तपासले. टाइपिस्टबाई दुखावल्या. "एकवीस वर्षांत माझ्या तोंडाची पावडर कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती," त्या म्हणाल्या आणि दिवसभर टाइपरायटर असल्यासारखा कीबोर्ड बडवत राहिल्या. पण सगळ्यात भरलेला बोळा निघाला संचालकांच्या खोलीबाहेरच्या पायपुसण्याचा.

"सर, एक खासगी प्रश्न विचारू?"

"विचारा."

"तुम्ही बुटांत काही घालता का?"

"पाय घालतो."

"पायांव्यतिरिक्त?"

संचालकांनी उठून दार लावून घेतलं. "पावडर," ते हळू आवाजात म्हणाले. "वासासाठी. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पायपुसण्याने."

बूट दोन पिशव्यांत घालून, गाठ मारून इमारतीबाहेर ठेवण्यात आले. संचालक रखवालदाराच्या रबरी चपला घालून फिरू लागले. त्या दोन नंबर लहान होत्या, त्यामुळे ते जिन्यावरून उतरताना त्यांचं पद काही केल्या लक्षात राहत नसे. दुपारी मॅडमनी मोठ्या आशेने पुन्हा नळी लावली. बोरॉन तेवढंच.

त्या ब्रश आणायला सामानाच्या खोलीत गेल्या, तर कपाटामागे निवडकाका मान मागे टाकून उभे होते. त्यांच्या हातात एक इवलीशी बाटली होती. एक थेंब डोळ्यात पडला, एक गालावर. काकांनी बोटाने डोळा पुसला, बोट शर्टाला पुसलं आणि थोडा वेळ भिंत धरून उभे राहिले. माणूस अंधारात जिना शोधतो तसे. मॅडम आवाज न करता मागे फिरल्या.

आता सगळं उलगडलं होतं आणि उलगडल्याचा जराही आनंद होत नव्हता. पडद्याकडे बारीक डोळ्यांनी बघणं, हल्ली फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणं, सगळं ध्यानात आलं. काकांना दिसत नव्हतं. ही गोष्ट बाहेर आली तर कंत्राट गेलंच. आणि चौदा महिन्यांची मेहनत आपल्याच बोटाने नासली हे काकांना कळलं तर? एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा?

संध्याकाळी घरी सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि फोनवर मॅडमच्या नणंदेला मोर्चाचं वर्णन ऐकवत होत्या. झुरळं परत आली होती. एक भिंतीवरच्या घड्याळात शिरून काट्याबरोबर फिरत होतं. मॅडमनी त्याच्याकडे बघत मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी सकाळी त्या संचालकांच्या खोलीत शिरल्या, तर काका आधीच खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"या," संचालक म्हणाले. "तुम्हीही गुन्हा कबूल करायलाच आलात का?"

"हो सर. चूक माझी आहे. माझ्या घरी झुरळांसाठी बोरिकच्या गोळ्या होत्या. माझ्या पिशवीतूनच ते इथे आलं. समितीला मी तसं सांगेन."

"काका म्हणतात, त्यांच्या डोळ्यांच्या औषधातून आलं. मोतीबिंदू आहे म्हणे, दोन वर्षं लपवला."

"काका!" मॅडम ओरडल्या. "हे सांगायची काय गरज होती?"

"मग काय करू?" काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात एक चपटी झालेली कणकेची गोळी होती. "सोमवारी तुमच्या पिशवीतून पडली. यादीत बोरॉन वाचल्यावर म्हटलं, झुरळांची बोरिकची गोळी, हीच ती. समितीपुढे तुमचं नाव खराब व्हायला नको. माझं काय, मी उद्या घरी जाणार."

"आणि मी काल कपाटामागे तुम्हाला बघितलं होतं, म्हणून मी..."

संचालकांनी एकदा मॅडमकडे, एकदा काकांकडे बघितलं. "म्हणजे दोघंही दुसऱ्याला वाचवायला माझ्यासमोर खोटं बोलताय?"

"अर्धंच खोटं, सर," काका म्हणाले.

"मग माझे बूट बाहेर का आहेत?"

तेवढ्यात एसीचा मेकॅनिक दार ढकलून आत आला आणि त्याने वही पुढे केली. "सर, सही राहिली होती. मॅडमच्या खोलीतली छतावरची जाळी गेल्या शनिवारी बदलली."

"कसली जाळी?" मॅडमनी विचारलं.

"हवा गाळायची. आधीची प्लास्टिकच्या धाग्याची होती, ती आता मिळत नाही. ही भारी आहे. काचेच्या धाग्याची. धूळ म्हणून येणार नाही."

मेकॅनिक सगळ्यांची तोंडं बघू लागला. "काय झालं? बसवायची नव्हती का?"

मॅडमनी जाळीखाली आम्लाची दोन भांडी ठेवली, एक उघडं आणि एक झाकलेलं. दोन तासांनी दोन्ही तपासली. झाकलेलं स्वच्छ निघालं. उघड्यात बोरॉन ओंजळीने उपसावं इतकं होतं. आठवडाभर छतातून काच झिरपत होती आणि खाली सगळे एकमेकांचे खिसे, पाय आणि पावडरी हुंगत होते. मेकॅनिकने जुनी जाळी अजून टाकून दिली नव्हती. ती धुऊन परत चढवली. रिकामी नळी लावली, तर या वेळी ती खरोखरच रिकामी निघाली. मग खालच्या खणातले उरलेले सहा थर यंत्रात गेले.

शुक्रवारी सहाही आकडे शहाण्या मुलांसारखे एका रांगेत बसले. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी आलेख जवळ घेऊन बघितला.

"म्हणजे तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साईड आजच्यापेक्षा थोडासाच कमी होता?"

"हो. आणि समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी मीटर वर होता."

गृहस्थांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू पाणी कुठवर आलंय ते पाहत होते. "पण ठिपके सहाच का?"

मॅडमनी जे घडलं ते सगळं सांगितलं. फक्त बुटांचं सोडून. समितीने वाया गेलेले सहा थर गाळातून पुन्हा निवडायला आणखी एक वर्ष दिलं. निरोपाच्या वेळी काकांनी कंत्राटाचा कागद सही न करता संचालकांना परत दिला. "आधी डोळा दुरुस्त करतो, साहेब. मग दिसलं तर सही करतो. आत्ता कुठे करायची तेही दिसत नाही."

तीन आठवड्यांनी काका आले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि चेहरा नुकतीच गाडी शिकलेल्या माणसासारखा खूश होता. त्यांनी आपली जुनी खुर्ची ओढली, थरांची उरलीसुरली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि डोळा लावला. खालच्या खणातले सहा ट्रे बघून ते समाधानाने हुंकारले. वरच्या खणातला पहिला ट्रे ठेवला आणि हुंकार थांबला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला.

"मॅडम," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे मी निवडलंय?"

"का? काय झालं?"

"यात दोन जाती मिसळल्यात. दिसायला जुळ्या बहिणी. पण एकीला पाठीवर बारीक कड असते. ती कड मला गेले सहा-सात महिने दिसलेलीच नाही." त्यांनी मान वर केली. "खालचे सहा मी आधी निवडले होते, ते चोख आहेत. पण हे वरचे सहा, जे वाया गेले..."

मॅडमनी एकदा छताकडे आणि एकदा त्या ट्रेंकडे बघितलं. जाळीने जे नासवलं होतं ते आधीच नासलेलं होतं. जाळी नसती तर ते चुकीचे आकडे सभ्यपणे रांगेत बसले असते, समितीने मान डोलावली असती आणि कुणाला कधी पत्ताही लागला नसता. त्यांना आधी घाम फुटला आणि मग असं हसू आलं, की टेबल धरावं लागलं. काका ओशाळून बघत होते. मग तेही हसायला लागले, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात ठेवून.

"तो कागद कुठंय कंत्राटाचा?" ते म्हणाले. "सहा थर परत निवडायचे म्हणजे वर्ष तर लागणारच."

मॅडमनी कागद आणून दिला. काकांनी सही करायला पेन उघडलं आणि मध्येच थांबून त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"मॅडम, तुमचे केस एवढे कधी पिकले?"

"दोन वर्षं झाली, काका."

"असं होय," काका म्हणाले. त्यांनी जागा बरोबर हेरून सही केली आणि ब्रश उचलला.