पिवळी गाडी गोराईला निघाली

थेंब साधारण टिकलीएवढा होता. गाडीखाली, पुढच्या डाव्या चाकाच्या जरा मागे, पार्किंगच्या फरशीवर पडलेला. कडा स्वच्छ, रंग नाही, तवंग नाही. जान्हवीने वाकून त्यावर बोट टेकवलं, अंगठ्याशी चोळलं, वास घेतला. औषध कंपनीच्या तपासणी विभागात तिने उभी हयात काढली होती. पाणी ओळखायला तिला दुसऱ्याला विचारावं लागत नव्हतं.

"पाणी आहे," ती म्हणाली. "आत्ता चक्कर मारून आलात ना एसी लावून? त्याचं."

"पाणी?" चंद्रप्रकाशने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तो आयसीयूबाहेर उभा आहे आणि कोणी त्याला विचारलंय, 'भजी खाणार का?' "अगो, थेंब पडलाय! गाडीतून! आज थेंब, उद्या इंजिन!"

ही गाडी म्हणजे चंद्रप्रकाशचा जीव. पिवळीधमक, दोन माणसांची, छत उघडणारी, आणि इतकी बसकी की चारकोपच्या प्रत्येक गतिरोधकाला ती पोट टेकवून नमस्कार करायची. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्यांचे विमे तपासले आणि निवृत्त झाल्यावर ही घेतली. सेकंडहँड, पण पुसून पुसून त्याने तिला नवीपेक्षा नवी केली होती. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग दुमडायचं आणि शेवटी देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. उतरताना वॉचमन भाऊराव दोन्ही हात धरून त्याला विहिरीतून काढावं तसा बाहेर काढायचा.

आणि ह्या गाडीच्या स्टिअरिंगला चंद्रप्रकाशखेरीज कोणाचाही हात लागला नव्हता. जान्हवीचा तर नाहीच. तिच्याकडे लायसन्स होतं. मुलुंडच्या भावाची गाडी ती घाटावरून लोणावळ्याला घेऊन जायची आणि एकदाही हॉर्न वाजवायची नाही. पण ही गाडी? "देतो गो, पुढच्या महिन्यात," चंद्रप्रकाश म्हणायचा. तो पुढचा महिना गेली चार वर्षं पुढेच होता. 'ही गाडी मी चालवणार आहे' हे एवढं वाक्य जान्हवीने इतक्यांदा मनात घोळवलं होतं, की ते झिजून गुळगुळीत झालं होतं. आज रविवार, चहा झाला की बोलायचंच, असं तिने पक्कं ठरवलं होतं. आणि नेमका तो थेंब पडला!

"सर्विस सेंटरला नेतो! आत्ताच!" चंद्रप्रकाशने जाहीर केलं. "रविवारी पण उघडं असतं. आणि गल्लीतल्या कुठल्या कुंडलिक गॅरेजवाल्याकडे नाही, थेट कंपनीच्या शोरूममध्ये, मालाडला. ट्रेनिंग घेतलेली माणसं गो! गाडीला बोट लावायच्या आधी हातमोजे घालतात! डोळे मिटून विश्वास टाकावा!"

'माझ्यावर एकदा उघड्या डोळ्यांनी टाकून बघा ना,' असं जान्हवीच्या अगदी ओठांवर आलं. पण तोवर चंद्रप्रकाश हार आणायला गेला होता.

कारण पूजा! चंद्रप्रकाशचे वडील गिरणीत होते. खंडेनवमीला मागाला हार घातल्याशिवाय ते धाग्याला हात लावायचे नाहीत. यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर आधी हार-नारळ, हा घरचा नियम. मिक्सर दुरुस्तीला गेला तेव्हाही कुंकू लावून गेला होता, मग गाडीने काय घोडं मारलं होतं! झेंडूचा हार असा जाडजूड आला, की पुढची नंबरप्लेट त्याच्याआड झाकून गेली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू आलं. समोरच्या विंगमधल्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "नवीन घेतलीत का हो?" चंद्रप्रकाश नुसता हसला.

मालाडच्या त्या काचेच्या शोरूममध्ये प्रीतम नावाचा एक टवटवीत तरुण टॅबलेट घेऊन धावत आला.

"वेलकम सर! थेंब पडतोय सर? डोन्ट वरी सर! चावी द्या, गाडी पोर्चमध्येच राहू द्या, आतमध्ये आम्ही घेतो. संध्याकाळी फोन करतो सर!"

"सांभाळून हां. पोर आहे माझं."

"आमचं पण पोरच आहे सर!"

दोघं रिक्षाने घरी आले. चंद्रप्रकाशचं लक्ष सगळं फोनमध्ये. गाडीत त्याने एक यंत्र बसवलं होतं, त्यामुळे ती कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात निळ्या ठिपक्याने दिसायचं. मुलगी बंगलोरला कुठे राहते हे त्याला नीट सांगता यायचं नाही, पण गाडी कुठल्या खांबाशी उभी आहे ते यायचं.

जान्हवी चवळीच्या शेंगा मोडत बसली होती, तेवढ्यात प्रीतमचा फोन आला. चंद्रप्रकाशने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"सर! काय मेंटेन केलीय गाडी! आमचा मेकॅनिक म्हणतो, अशी गाडी आयुष्यात बघितली नाही!"

"ठेवलीच आहे तशी!" चंद्रप्रकाशची छाती फुगली.

"सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाहीत सर तुम्ही!"

चंद्रप्रकाश जरासा अडखळला. "हं... म्हणजे... काळजी घेतो आम्ही."

"आणि मीटरवर फक्त बावीस किलोमीटर सर! हॅट्स ऑफ!"

जान्हवीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "अहो, बावीस?"

"बावीस हजार म्हणायचं असेल त्याला."

"आपली चौपन्न हजार झालीय."

"मग कमी झाले असतील. सर्विसिंग चांगलं केलं की..." चंद्रप्रकाश बोलता बोलता थांबला. आपण काय बोलतोय ते त्यालाही ऐकू आलं असावं. त्याने नकाशा उघडला. आणि किंचाळला!

"गाडी खंय गेली? दहिसरच्या पुढे! ठिपको पळता हा गो!" घाबरला की चंद्रप्रकाश थेट मालवणात जाऊन पोचायचा.

"सर, कसं शक्य आहे?" फोनवर प्रीतम हसला. "गाडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. खालचं कव्हर काढलंय, सगळे पाइप सोडवलेत. पण सर, लीक काही सापडत नाही!"

"मग हायवेवर काय माझो आत्मो पळता?"

जान्हवीने शांतपणे फोन हातात घेतला. "प्रीतम, समोरच्या गाडीचा नंबर वाचा बरं."

"वाचतो ना मॅडम. एमएच... मॅडम, नंबरप्लेट दिसत नाहीये."

"दिसत नाहीये, की लावलेलीच नाहीये?"

पलीकडे प्रीतम गाडीभोवती धावल्याचा आवाज आला. मग लांबून कोणीतरी ओरडलं, "अरे, ही डिलिव्हरीची गाडी होती! धुवायला पाठवलेली! कोणी खोलली रे?"

"मॅडम," प्रीतमचा आवाज फुग्यातली हवा जावी तसा बारीक झाला, "एक छोटासा इश्यू आहे."

छोटासा इश्यू असा होता. त्याच रंगाची, तीच पिवळी गाडी गोराईच्या एका कुटुंबाने नवी घेतली होती आणि आज त्यांना ती मिळायची होती. ती धुण्यासाठी सर्विसमध्ये गेली होती, आणि थेंबवाली गाडी हीच असं समजून मेकॅनिकने ती खोलली. इकडे पोर्चमध्ये मात्र दुसरी पिवळी गाडी उभी होती, चकचकीत, हार, नारळ, कुंकू, सगळ्यासकट! दुरुस्तीला आलेल्या गाडीला जगात कोण हार घालतं? डिलिव्हरीवाल्यांनी तिच्यावर सॅटिनचं कापड टाकलं, रिबीन बांधली, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या आणि प्रीतमने काउंटरवर ठेवलेली चावी ताटात घालून दिली. नंबर कोणी पाहिलाच नाही. कुंकू लावलेल्या नवरीचं आधारकार्ड कोण तपासतं!

"नवीन गाडी आधी गावदेवीला नेणार म्हणाले मॅडम. फोन करतोय, पण उचलत नाहीत."

"मेलंय मी!" चंद्रप्रकाश सोफ्यावर कोसळला. "बोटीत घालून नेतीत! गुजरातेक नेतीत!"

"उठा," जान्हवी म्हणाली. "दहिसरवरून गेलेत, म्हणजे भाईंदर, उत्तनवरून सगळा वळसा घालणार. आपण बोरिवलीहून जेट्टीने खाडी ओलांडली, तर त्यांच्या आधी पोचतो. चपला घाला!"

रिक्षा, जेट्टी, बोट! चंद्रप्रकाश बोटीच्या टोकाला फोन धरून असा उभा होता, जणू खलाशी आहे आणि समोर देवमासा दिसलाय. "उत्तन सोडलंन! वळणावर आली! अगो, वेग बघ! चौथ्या गिअरात आहे! माझ्या बापजन्मात मी तिला चौथ्यात घातली नाही!"

"म्हणूनच ती पळत नव्हती," जान्हवी म्हणाली. खाडीचा खारा वारा तोंडावर येत होता आणि का कोण जाणे, तिला भयंकर मजा वाटत होती.

गोराईत देवळासमोर मांडव होता, रांगोळी होती आणि ब्रास बँड होता. मांडवाच्या तोंडाशी एक धिप्पाड गृहस्थ सगळ्यांचं स्वागत करत होते. त्यांचं नाव तुळशीदास. गावात त्यांचं मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं आणि गाडी त्यांनी आईसाठी घेतली होती.

"या, या! शोरूमचे साहेब ना?" त्यांनी चंद्रप्रकाशला मिठीच मारली.

"मी शोरूमचा नाही हो! ती गाडी..."

"गाडी आलीच समजा!" त्याच क्षणी बँड सुरू झाला. चंद्रप्रकाश ओरडत होता, "गाडी माझी आहे!" तुळशीदास ओरडत होते, "हो हो, आपलीच आहे!" त्यांनी चंद्रप्रकाशच्या डोक्यावर फेटा बसवला, तोंडात पेढा कोंबला आणि हातात आरतीचं ताट दिलं. "पहिला मान पाहुण्यांचा!"

आणि वळणावरून गाडी आली! छत उघडं, हार वाऱ्यावर उडतोय आणि स्टिअरिंगवर साठीच्या पुढची एक बाई. अंबाड्यात अबोलीचा गजरा, डोळ्यांवर नातीचा गॉगल. ह्या सोनूबाई, तुळशीदासची आई. तीस वर्षं मासळीचा टेम्पो ह्याच रस्त्यावर चालवलेली बाई! तिने गाडी अशी वळवली, की लोण्यातून सुरी फिरावी. रांगोळीच्या कडेला चाक टेकलं, पण एक कणही हलला नाही. आणि मग, ना भाऊराव ना कोणाचा हात, सोनूबाई टुणकन बाहेर आल्या!

पेढ्याने तोंड भरलेला चंद्रप्रकाश आपल्याच गाडीला ओवाळत उभा राहिला. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं.

"आजी, शोरूमवाले केवढे चांगले गं!" शेजारच्या सीटवरून नात कल्पिता उतरली. तिच्या हातात पिशवी होती. "चकल्यापण ठेवल्यात आत. आणि हा बघ, कमरेचा पट्टा!"

"तो माझा आहे!" चंद्रप्रकाशने अखेर पेढा गिळला. नेमका तेव्हाच बँड थांबला होता. अख्ख्या गोराईने ऐकलं.

मग जान्हवी पुढे झाली. तिने आधी थेंब सांगितला, मग हार, मग सॅटिनचं कापड. गाडीचे कागद काढून नंबर दाखवला. आवाज न चढवता, एकामागून एक. तुळशीदासनी कपाळाला हात लावला. कल्पिताने अर्धी खाल्लेली चकली पिशवीत परत ठेवली. सोनूबाई मात्र पोट धरधरून हसल्या.

"म्हंजे मी दुसऱ्याच्या गारीत बसून देवीला आली? आनी माझी गारी कुठं हाय?"

"मालाडला," जान्हवी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "पण सध्या ती उघडून ठेवलीय. गळती शोधतायत."

"नवीन गारीत?" सोनूबाईंनी गॉगल कपाळावर चढवला. "थांब, त्याला दावते गलती! चला, मना मालाडला सोरा. मी समोर उभी ऱ्हाते, मंग बघते कसे जोरत नाय!"

"हो हो, चला, मी सोडतो," चंद्रप्रकाश घाईघाईने म्हणाला. "पण हळू नेईन हां. दुसऱ्या गिअरात. कमरेचा प्रॉब्लेम आहे." आणि मग जान्हवीला बाजूला घेऊन म्हणाला, "दोनच सीट आहेत गो. तू ये बोटीने. आणि हे बघ, तुझं ते चालवायचं मनात असतं, माहीत आहे मला. पुढच्या महिन्यात नक्की!"

सोनूबाईंनी दोघांकडे पाहिलं. गाडीची चावी त्यांनी दोन बोटांत धरली होती. "चावी कोनाला देव?"

चंद्रप्रकाशने सवयीने हात पुढे केला, आणि हातातलं आरतीचं ताट कलंडलं. ते सावरायला त्याला दोन्ही हात लागले.

जान्हवी एक पाऊल पुढे आली. चार वर्षं घोळवलेलं ते गुळगुळीत वाक्य घशापर्यंत आलं, आणि ह्या वेळी मात्र ते आत परत गेलं नाही.

"चावी माझ्याकडे द्या, सोनूबाई. गाडी मी चालवणार आहे," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग फेट्यातल्या नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही ताट परत करा आणि बोटीने या!"