हातभर पातं, गुडघाभर पाणी

गुरुवारी सकाळी टँकर आला नाही, पेपर मात्र आला.

ढोकीच्या अलीकडं, सडकेपासून दोन मैल आत असलेल्या हिप्परवाडीत त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, पाणी म्हणजे टँकर आणि टँकर म्हणजेच पाणी. एक दिवसाआड तो यायचा, गावच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा आणि मग बायका ते शेंदून घ्यायच्या. त्या दिवशी घागरींची रांग विहिरीपासून थेट दूध संस्थेपर्यंत गेली होती. मालनबाईंची घागर सहावी होती, आणि हा सहावा नंबर धरायला त्या तांबडं फुटायच्या आधी येऊन बसल्या होत्या.

दहा वाजले तरी टँकर नाही. तेवढ्यात दूध संस्थेतून चेअरमन अण्णाराव पेपर नाचवत बाहेर पडले.

"अरे, गाव पेपरात आलं! फोटोसकट!"

फोटो झकास होता. आभाळाला टेकलेलं पांढरंशुभ्र शीड, खाली नजर पोचेल तिथवर पाणी, आणि त्या पाण्यापलीकडून हसत डोकावणारे अण्णाराव. खाली छापलं होतं: 'दुष्काळी भागात रंगली शिडाच्या जहाजांची शर्यत. हिप्परवाडीचा तलाव तुडुंब.'

आता पेपर हिप्परवाडीत पोचायचा एक दिवस शिळा. तालुक्याच्या कचेरीत तो बुधवारीच वाचून झाला होता. त्यामुळे अण्णारावांचं कौतुक संपायच्या आत ग्रामसेवक रामकिसन सायकलवरून उतरले आणि त्यांनी कागद वाचला, "सदर गावी नौकानयनास पुरेसा जलसाठा असल्याचे वर्तमानपत्रावरून निदर्शनास आल्याने टँकर बंद करण्यात येत आहे."

रांगेतल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी मालनबाईंकडं पाहिलं. मालनबाईंनी घागर उचलली आणि काही न बोलता घरचा रस्ता धरला. त्या काही न बोलता निघाल्या की नवऱ्यानं, म्हणजे बब्रुवान मेजरांनी, घराबाहेर पडावं, असा त्या घरचा रिवाज होता. पण मेजर बिचारे नावेला रंग देत ओट्यावरच बसले होते.

"बसा आता नावंत," मालनबाई म्हणाल्या, "अन जावा पानी आनाया."

सगळ्याचं मूळ हे मेजर. ते नौदलात पंधरा वर्षं वायरमन होते. नौदलात मेजर नसतो, हे त्यांनी सुरुवातीला गावाला सांगून पाहिलं. पण आपल्याकडं पत्र्याची काळी पेटी घेऊन गाडीतून उतरला तो मेजर, मग तो जमिनीवर लढलेला असो की पाण्यावर. पंधरा वर्षांत त्यांना जहाजाच्या चाकाला हात लावायलासुद्धा कुणी दिलं नाही. ते आपले खाली इंजिनाशेजारी दिव्यांच्या तारा जोडत राहिले. एकदा तरी आपलं जहाज आपण हाकावं, ही हौस उरात घेऊनच ते गावी आले आणि साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. मग मुंबईच्या एका जुन्या दोस्तानं सिंगापूरहून आणलेले, दुरून यंत्र चालवायच्या रेडिओचे दोन संच त्यांना दिले, आणि मेजरांनी जहाज बांधायला घेतलं.

जहाज म्हणजे साडेतीन फुटांची नाव. अंग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, डोलकाठी रेडिओच्या एरियलच्या नळीची, शीड घरातल्या एकुलत्या एक टेरिलीनच्या पडद्याचं. पोटाखाली हातभर लांब पत्र्याचं उभं पातं, आणि त्याच्या टोकाला ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून केलेला गोळा. हे वजन खाली नसेल तर वाऱ्याच्या पहिल्याच झोताला नाव आडवी पडते. काठावर उभं राहून हातातल्या डबीवरची एक दांडी हलवली की सुकाणू वळायचं, दुसरी हलवली की शीड ताणलं जायचं. बाकी सगळं काम वाऱ्याचं.

दुसरा संच गेला विष्णुपंतांकडं. विष्णुपंत मूळचे तुळजापूरचे, गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण फळ्यावर जहाजं काढण्यात तीस वर्षं घालवली होती. त्यांनी अशी देखणी नाव बांधली की मेजरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग काय, बहात्तरच्या दुष्काळात गावानंच माती वाहून बांधलेल्या पाझर तलावात दोन डालड्याचे डबे तरंगत सोडायचे, त्यांना वळसा घालून कोण आधी काठाला येतो ते बघायचं, हे दर रविवारी सुरू झालं. आजवर अकरा शर्यती मेजरांच्या, अकरा गुरुजींच्या.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्या दिवसांत आपल्याकडं चार माणसं एका कामाला लागलेली दिसली की पाचवा येऊन संस्था काढायचा. अण्णाराव आले आणि त्यांनी 'हिप्परवाडी शीडनौका सहकारी मंडळ' काढलं. सभासद अकरा, नावा दोन, चेअरमन अण्णाराव. चेअरमन झाला की फोटो हवाच, म्हणून उस्मानाबादहून हणमंतप्पा फोटोवाले आले. ते कलाकार माणूस. कुठलाही फोटो ते पालथं झोपूनच काढायचे. काठावरच्या चिखलात पोट टेकवून त्यांनी कॅमेरा पाण्याला लावला, आणि कमरेएवढी नाव आभाळाला टेकली. तेव्हा तलावात मांडीभर पाणी तरी होतं. महिन्यानं फोटो छापून येईतो तेही आटत आलं.

अण्णाराव त्याच दिवशी तालुक्याला जाऊन आले. उतरलेल्या तोंडानं पारावर बसले.

"नायब तहसीलदार रावसाहेब म्हनले, पेपरवाला म्हनतो जहाज, तुमी म्हनता खेळनं. म्या कुनाचं ऐकू? शनिवारी येतो, माझ्यासमोर तीच शर्यत लावा. पानी असंल तर नावा चालतील, नसंल तर रुततील. मंग टँकरचं बघू."

"शास्त्रशुद्ध आहे," विष्णुपंत मान डोलावत म्हणाले. "पातं हातभर. पाणी हातभर नाही. नावा रुतणारच."

गावाला जरा हायसं वाटलं. मालनबाईंना मात्र आपला नवरा ठाऊक होता.

"अवो, परवा नाव रुतली पायजे बरं का."

"रुतंल की. पानी कुठंय?"

"अन न्हाय रुतली तर?"

मेजरांनी जरा विचार केला. "तर मंग चांगली बांधलीया म्हनायचं."

"लेकराबाळांच्या तोंडचं पानी गेलंय, अन तुमाला बांधनीचं पडलंय!" मालनबाई कडाडल्या. मेजर खरंच ओशाळले. त्यांनी नाव रुतवायचं वचन दिलं.

शनिवारी नायब तहसीलदार रावसाहेब जीपमधून उतरले. काठावर टेबल, खुर्ची, हार. चहा आला. गावात पाण्याचा थेंब नसल्यानं तो निव्वळ दुधाचा झाला होता. रावसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चहा फक्कड आहे हो. गावात अडचण काही दिसत नाही."

अण्णारावांनी कपाळाला हात लावला.

वारा चांगला सुटला होता. शिट्टी झाली. मेजरांची नाव दहा पावलं गेली, थरथरली आणि गाळात पातं रुतवून गप्प उभी राहिली. बायकांनी सुस्कारा टाकला. आता गुरुजींची नाव त्याच जागी आली, आणि न थांबता पुढं गेली. पहिला डबा ओलांडून झोकात वळलीसुद्धा.

"गुरुजी!" मेजर ओरडले. "ही कशी काय चालली?"

विष्णुपंतांचे कान लाल झाले. "काल पातं वीतभर कापून घेतलं. म्हटलं, उद्याची शर्यत धरली गेली तर अकरा-अकरा आहे..."

"अहो, आज हरायचं ठरलंय ना!"

"हरायचं म्हणून कुणी ठरवून हरतं का, मेजर? तुम्ही तरी हराल का?"

रावसाहेब वहीत भराभरा लिहीत होते. मग त्यांनी पेन ठेवलं, रुतलेल्या नावेकडं पाहिलं आणि उठून आले. "तुम्हाला चालवता येत नाही. आणा ती डबी इकडं." त्यांनी सापडेल ती दांडी दाबली. शीड करकचून ताणलं, झोत आला, नाव पार कलली. कलली तसं पातं गाळातून सुटलं, आणि एका अंगावर झोपून नाव सुसाट निघाली.

"सुटली!" रावसाहेब लहान पोरासारखे ओरडले.

"साहेब, शीड तसंच ऱ्हाऊ द्या!" मेजरांच्या तोंडून निघून गेलं. "सुकानू डावीकडं! गुरुजींच्या आतून काढा! आता, आता!"

सगळं गाव आ वासून बघत राहिलं. आपला टँकर डोळ्यांदेखत चालला आहे हे कळत असूनही दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि मालनबाईंनी मागं वळून पाहिल्यावर थांबवल्या. दुसऱ्या डब्यापाशी दोन्ही नावा एकमेकींवर आदळल्या. शिडाच्या दोऱ्या गुंतल्या, आणि तलावाच्या मधोमध दोघी गळ्यात गळा घालून आडव्या झाल्या.

रावसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. ते पुन्हा नायब तहसीलदार झाले. "नावा चालल्या. मी स्वतः चालवली. तेव्हा टँकरचं काही..."

"थांबा, रावसाहेब."

मालनबाईंनी पदर खोचला, लुगडं वर घेतलं, हातात तांब्या घेतला आणि सरळ पाण्यात शिरल्या. तलावाच्या मधोमध गेल्या. पाणी त्यांच्या गुडघ्यालासुद्धा लागलं नाही. दोन नावा दोन काखांत मारल्या, तांब्या बुडवला आणि त्याच चालीनं परत आल्या. दोन दिवस अख्ख्या गावानं, सहकारी मंडळानं आणि सरकारी खात्यानं एवढं डोकं चालवलं. पण पाण्यात उतरून बघावं, हे कुणाला सुचलं नव्हतं.

त्यांनी तांब्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. आत हिरवं पाणी होतं, आणि त्यात म्हशीच्या शेणाचा एक तुकडा.

"च्या आवडला न्हवं तुमाला? ह्या पान्याचा करून आनते. घेता का कपभर?"

रावसाहेब तांब्याकडं बघत राहिले. मग मालनबाईंच्या पायांवरच्या गाळाच्या रेघेकडं पाहिलं. मग जे लिहिलं होतं ते खोडलं आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "पाण्याची खोली, मालनबाई यांच्या गुडघ्याखाली चार बोटे. पाणी पिण्यास अयोग्य. टँकर उद्यापासून सुरू करावा." सही झाली. बायकांमध्ये जो गलका उठला तो ढोकीच्या कारखान्यात ऐकू गेला असेल.

जीपमध्ये चढता चढता रावसाहेबांनी हळूच विचारलं, "पण शर्यत कोण जिंकलं?"

"मी पुढं होतो," विष्णुपंत म्हणाले.

"काठाला पयली माझी नाव लागली. हिच्या उजव्या काखंत माझीच होती!" मेजर म्हणाले.

"काखेतली धरत नाहीत!"

हे भांडण पुढं बरेच दिवस चाललं. पण टँकर रविवारी सकाळी आला, आणि त्याच्या मागोमाग एसटीनं हणमंतप्पा आले. चेअरमननी पेपरात खुलासा छापायचं ठरवलं होतं, आणि खुलासा म्हटला की फोटो आलाच. मालनबाईंना दोन नावा घेऊन पाण्यात उभं केलं. हणमंतप्पांनी कॅमेरा सावरला, काठावर आले आणि सवयीनं चिखलात पालथे पडले.

"उठा!" मालनबाई अशा गरजल्या की हणमंतप्पा कॅमेऱ्यासकट उठून बसले. "उठा आधी! तुमच्या झोपन्यापायी गावचं पानी गेलं. जावा, त्या बांधावर चढा अन उभं ऱ्हाऊन काढा!"

हणमंतप्पांनी आयुष्यातला पहिला फोटो उभ्यानं काढला.

आठ दिवसांनी तो छापून आला. मेजरांनी पेपर उजेडात धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. तलाव परातीएवढा दिसत होता, मालनबाई बोटाएवढ्या, आणि त्यांच्या काखेत दोन पांढरे ठिपके.

"छ्या! सगळी कारागिरी वाया गेली की," मेजर हळहळले. "नाव दिसंना गं ह्यात."

मालनबाई भरली घागर उतरवत होत्या. त्यांनी वाकून फोटोच्या कोपऱ्यावर ओलं बोट ठेवलं.

"टँकर दिसतोय न्हवं?"