पाणबुडीची वाटणी

कारखान्याच्या ऑफिसातून सुटला की तुषार थेट समुद्रात जायचा. कोल्हारहून समुद्र बराच लांब पडतो, त्यामुळे तो कॉम्प्युटरवरच जायचा. परक्या ग्रहावरच्या समुद्रात तगून राहायचं, तळाशी पडलेला धातू वेचायचा, त्याच्या गाड्या बांधायच्या आणि त्या सुधारत न्यायच्या, असा तो गेम होता. त्यातला सगळ्यांत कडक प्रकार तुषारनं घेतला होता. जीव एकच. बुडालात की चार महिन्यांची मेहनत कॉम्प्युटर स्वतः पुसून टाकणार.

त्या रविवारी पाणबुडी तयार झाली. दिवे बसले, खोल पाण्याचा दाब सोसणारं कवच बसलं. गेमनं नाव विचारलं. अकोल्याला दिलेल्या बहिणीची, सृष्टीची मुलगी आठवली, म्हणून तुषारनं 'संस्कृती' टाकलं. तेवढ्यात थोरल्या भावाची बायको धनश्री खोलीत आली.

"भावजी, ही गाडी कुणाची?"

"माझीच, वहिनी."

"आन नाव भाचीचं. आमचा समर्थ काय बाजारात सापडलाय?"

आई मागोमाग आलीच. "अगं, ट्रॅक्टरवर हाय की समर्थचं नाव. पुढंबी हाय, ट्रॉलीवरबी हाय."

"आत्या, ट्रॅक्टर रानात जातो. ही समुद्रात जाती. फरक हाय का न्हाई?"

फरक होता. तो कुणालाच नाकारता येईना.

मग अण्णांना बोलावलं. तुषारच्या वडिलांनी गावातली बांधाची निम्मी भांडणं मिटवली होती आणि उरलेल्या निम्म्यांत ते स्वतः होते. त्यांनी बसायच्या आतच निकाल दिला. "दोन्ही नावं टाक." पण जागा मोजकीच होती, 'समर्थ-संस्कृ' एवढंच मावलं. ही बातमी कोणी कळवली ते कळलं नाही, पण लगेच अकोल्याहून व्हिडिओ कॉल आला.

"तुष्या, माझ्या लेकीचं नाव अर्ध्यात कापलंस व्हय रं? आजोळात तिचा एवढाच हक्क?"

"ताई, जागा पुरंना गं!"

"माहेरात आमाला कधी पुरली?"

अण्णांनी हात वर केला. "दुसरी गाडी घे."

"अण्णा, ती इकत मिळत न्हाई. धातू वेचून बांधावी लागती."

"मग वेच. सुट्टीच हाय."

तुषारनं दिवसभर धातू वेचला. पहिलीवर पुन्हा अख्खं 'संस्कृती' लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत 'समर्थ' नावाची पाणबुडी शेजारी उभी केली. धनश्रीनं ती स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन पाहिली.

"तिला दिवे हायेत, कवच हाय. आन समर्थला नुसता पत्रा?"

"वहिनी, कवचाचं सामान पार तळाला मिळतं. आन तळाला जायला कवच लागतं."

यावर अण्णांनी हनुवटी खाजवली. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. वाटणी केली.

"हे बघ, एकाला इहीर दिली की दुसऱ्याला रस्त्याकडंचं रान देतो आपण. तसंच. कवच समर्थला, दिवे संस्कृतीला. कुणाची काय तक्रार?"

कुणाचीच नव्हती. फोनमधून अकोल्यानंही मान डोलावली. आता एक पाणबुडी तळापर्यंत जाऊ शकत होती, पण तिला काही दिसणार नव्हतं. दुसरीला सगळं दिसत होतं, पण तळाशी तिचा चुरा झाला असता. तुषारनं हे समजावून सांगितलं.

"मग मिळून जावा," अण्णा म्हणाले. "भावंडं हायेत."

तुषारनं मग 'संस्कृती'ला तिच्या ताकदीइतकं खाली नेलं, दिवे तळाकडे वळवून तिथंच सोडलं, पोहत वर आला आणि 'समर्थ' घेऊन अंधारात उतरला. घरदार पाठीमागे बसून बघत होतं. थोडं खाली गेल्यावर अंधार हलला. त्या अंधाराला दात होते.

"समर्थ!" धनश्री किंचाळली.

अंगणातून खऱ्या समर्थनं "ओ" दिली.

जनावर दोन बसएवढं लांब होतं. त्यानं पाणबुडी मधोमध धरली आणि ऊस खावा तशी करकरा चावली. तुषार दार उघडून बाहेर पडला. श्वास संपत आला, स्क्रीन कडेनं काळी पडू लागली. वर दोन पिवळे ठिपके दिसत होते. तो त्यांच्याकडे सुटला आणि शेवटच्या श्वासाला 'संस्कृती'त शिरला. चार महिने वाचले.

"बघितलं का?" फोनमधून सृष्टी म्हणाली. "मामाला कुणी वाचवलं?"

आता आठवडाभर घरात चूल नीट पेटायची नाही, हे ओळखून आईनं डोळे मिटले. पण धनश्रीचं लक्षच नव्हतं. ती खाली चाललेलं चर्वण एकटक बघत होती.

"भावजी, हे जनावर कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई."

"ह्याच्याहून मोठं काय हाय खाली?"

"न्हाई, वहिनी."

"ह्याला कवच, दिवे काय बसवावं लागतं?"

"न्हाई. ते जन्मापासून असंच."

"मग हाच समर्थ," धनश्री म्हणाली आणि पदर सावरून उठली. शेजारच्या लंकाबाईंना तिनं दारातूनच सांगितलं, "आमचा समर्थ पार तळाला असतो. गाड्या खातो."

तंटा मिटला. अण्णांनी समाधानानं पाय पसरले. तुषारनं पाणबुडी हळूच वर वळवली.

"तुष्या," अकोल्याहून आवाज आला. "त्याच्या जोडीचं दुसरं असंल की रं खाली. बघ जरा जाऊन."

"ताई, मला जीव एकच हाय!"

"मला तरी लेकी किती हायेत?" सृष्टी म्हणाली. "आन हे बघ, बोटभरबी लहान नको."