सरासरी कोट

ऑफिसात त्याला सगळे डिलीटराव म्हणत. एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत त्यानं डेटाबेसमधून एका ग्राहकाची नोंद पुसायची आज्ञा दिली आणि कोणत्या ग्राहकाची, ते सांगायचं विसरला. संगणक बिचारा आज्ञाधारक, त्यानं सगळेच पुसले. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण टोपणनाव काही पुसलं गेलं नाही. (त्याचा बॅकअप ऑफिसातल्या प्रत्येकाकडे होता.)

अशा माणसाला घरचं काम सांगण्याआधी बायकोनं जरा विचार करायला हवा होता. पण तिला विचार करायला उसंत होती कुठे? घराच्या बाहेरच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान होतं आणि ते वाढत वाढत झोपायच्या खोलीत शिरलं होतं. डिलीटराव ओव्हरलॉक मशीन आणि कापडाचे तागे यांच्यामधल्या फटीत झोपत असे. कूस बदलायची तर आधी एक तागा हलवावा लागे. त्यातच शहरातल्या वाद्यवृंदाची ऑर्डर आली. नव्या कार्यक्रमासाठी सगळ्या वादकांना काळे कोट हवे होते. हे कोट पसंत पडले तर पुढचे सगळे कपडे तिच्याकडेच येणार होते आणि शेजारचा रिकामा गाळा तिला भाड्यानं घेता येणार होता. या ऑर्डरसाठी तिनं दोन वर्षं जोडे झिजवले होते.

"अहो," ती म्हणाली, "मापांच्या चिठ्ठ्या शोधण्यातच माझा निम्मा दिवस जातो. मोबाईलवर काही करता येईल का?"

"चुटकीसरशी," डिलीटराव म्हणाला. बायकोनं आपल्याकडे काही मागावं आणि ते आपल्याला येत असावं, असा योग त्याच्या संसारात फारसा आला नव्हता.

ॲप खरोखरच छान झालं. नावावर बोट ठेवलं की छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं समोर हजर. दोन माणसांची सगळी मापं तंतोतंत सारखी भरली गेली तर ॲप स्वतःहून विचारायचं, 'ही नोंद जास्तीची दिसते. काढून टाकू?' ही सोय त्यानं बायकोला दाखवली, सासूबाईंना फोनवर समजावली आणि वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवली. चिठ्ठ्या रद्दीत गेल्या.

अडचण एकच होती. काही नावांवर बोट ठेवलं की ॲप गपकन मिटायचं.

"बाई, हे पुन्हा झोपलं," कटरकाका म्हणायचे. कटरकाका म्हणजे दुकानात कापड बेतणारे, कात्री सोडून कशावरच विश्वास नसलेले गृहस्थ.

डिलीटरावानं शोधलं तेव्हा चूक लगेच सापडली. काही वादक अजून माप द्यायला आलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या, आणि रिकामी चौकट दिसली की ॲप घाबरायचं. ऑफिसात यावर रामबाण उपाय होता. रिकाम्या जागी बाकीच्यांची सरासरी भरायची. एका ओळीचं काम. त्यानं ती ओळ लिहिली आणि ॲप लोण्यासारखं चालू लागलं.

इथं तो थांबला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण हात शिवशिवत होते. ड्रमवाल्यांची कंबर चोपन्न इंच? टायपिंगची चूक. बासरीवाल्याची छाती एकोणतीस? ही तर शाळकरी मुलाची. जे जे आकडे कळपाबाहेर दिसले ते त्यानं ओढून सरासरीवर आणून बसवले. ऑफिसच्या भाषेत याला डेटा स्वच्छ करणं म्हणतात. मग जबाबदार माणसासारखा त्यानं बॅकअपही घेतला.

दुसऱ्या दिवशी बायको मोबाईलकडे बघतच राहिली.

"काका, ड्रमवाल्यांची कंबर अडतीस झाली?"

"आजारी असतील," काका म्हणाले.

"पण परवा तर टेप जेमतेम पुरला होता."

"माणूस वाळायला कितीसा वेळ लागतो, बाई. माझा मेहुणा असाच बसल्या बसल्या वाळला."

डिलीटराव तेव्हा दात घासत होता. तोंडात फेस असल्यामुळे त्यानं नुसता अंगठा वर करून ॲपची ग्वाही दिली. बायकोला वाटलं काकांनी नवं माप घेतलं असेल, काकांना वाटलं बाईंनी घेतलं असेल, आणि दोघंही ॲपवर विसंबली. बायकोनं माणुसकीनं ड्रमवाल्यांना निरोप धाडला, 'बराच फरक पडलाय. तब्येतीला जपा.' ड्रमवाल्यांनी पंधरा दिवसांपासून साखर सोडली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना भरून आलं. 'तुम्हीच सगळ्यात आधी ओळखलंत,' असं उत्तर आलं.

शुक्रवारी सकाळी ट्रायल होती आणि शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम. वाद्यवृंदाच्या संचालकांना ॲप दाखवायचं म्हणून डिलीटरावानं खास रजा काढली होती.

ड्रमवाले सगळ्यात आधी आले, ते हसतमुखानं. त्यांनी कोट चढवला आणि त्यांचं हसू गेलं. दोन्ही पल्ल्यांची एकमेकांशी भेट होण्याची लांबूनही शक्यता नव्हती. त्यांनी श्वास आत ओढला, पोट आत ओढलं, काकांनी मागून कोट ओढला, आणि एक बटण उडून इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं.

"म्हणजे फरक नाही पडला?" त्यांनी हळूच विचारलं. बायकोला त्यांच्याकडे बघवेना.

बासरीवाला कोटात शिरला तो दिसेनासाच झाला. संचालकांनी ताल द्यायला उचलतात तसे हवेत हात उचलून पाहिले तर बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. आणि ट्रँगल म्हणजे तो लोखंडी त्रिकोण वाजवणारा मनुष्य, जो महिनाभर गावाला गेला होता, तो आज पहिल्यांदाच दुकानात पाऊल टाकत होता.

"तुमचं माप घेतलं कुणी?" बायकोनं विचारलं.

"कुणीच नाही. म्हणून तर लवकर आलो," तो म्हणाला. तो दाराच्या चौकटीतून वाकून आला होता.

बायकोनं टेप गळ्यात अडकवला आणि नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी मऊ झाला होता. संसारात मुरलेल्या नवऱ्यांना या मऊपणाचा अर्थ समजतो.

"अहो, मापं कुणी बदलली?"

"बदलली नाहीत. स्वच्छ केली."

"म्हणजे?"

"जिथं आकडा नव्हता तिथं सरासरी भरली. आणि जे आकडे जरा अति वाटले..."

"अति म्हणजे कोण? मी?" ड्रमवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणजे, संख्याशास्त्राच्या दृष्टीनं..."

"यांना पाणी द्या," संचालक म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही, पण डिलीटरावच ते घटाघटा प्यायला.

"जुनी मापं कुठायत?" बायको म्हणाली. "बॅकअप घेतला म्हणाला होतात."

"घेतलाय ना."

"मग काढा."

"तो स्वच्छ केल्यानंतरचा आहे."

काका म्हणाले, "बाई, ही कात्री जपून ठेवा कुठंतरी." आणि त्यांनी ती स्वतःच उचलून कपाटात ठेवली.

बायकोनं दारातून शेजारच्या रिकाम्या गाळ्याकडे बघितलं. डिलीटरावालाही तो दिसला, त्यावरचं कुलूप दिसलं, आणि आपण काय करून बसलो ते एकदम कळलं. मग ती संचालकांना म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत द्या मला," आणि तिनं वादकांची रांग लावली. एकेकाचं माप पुन्हा घेतलं आणि या वेळी ॲपमध्ये नाही, चिठ्ठीवर लिहिलं. नशीब की कोट शिवताना तिनं सवयीप्रमाणे आत भरपूर माया सोडली होती. माया म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, चुका पोटात घालायला ठेवलेलं. डिलीटरावाला सगळ्या शिवणी उसवायला बसवलं. ज्या हातांनी एका ओळीत सगळं बिघडवलं, त्याच हातांना एकेक टाका काढावा लागत होता. बासरीवाल्याचा कोट आत घेतला. ड्रमवाल्यांच्या कोटाला दोन्ही बाजूंना चकचकीत साटिनच्या पट्ट्या जोडल्या. संचालकांना आणि ट्रँगलवाल्याला नवे कोट बेतले.

शनिवारी पडदा वर गेला तेव्हा सगळे झोकात बसले होते. मध्यंतरात निम्म्या वादकांनी बायकोला गाठून विचारलं, तशा साटिनच्या पट्ट्या आम्हाला का नाहीत? ड्रमवाले मुद्दाम सगळ्यांसमोर एका बाजूला वळून उभे राहत होते, म्हणजे पट्ट्या नीट दिसाव्यात. संचालकांनी पुढची ऑर्डर तिथंच पक्की केली.

गाळा मिळाला. मशीनं तिकडे गेली आणि डिलीटरावाला पलंगाची एक पूर्ण बाजू मिळाली. सामान लावताना बायकोला तो ट्रँगलवाल्याचा पहिला कोट सापडला. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळीकडून शंभर टक्के सरासरी. काका म्हणाले, "हा कोट जगात कुणाला बसायचा नाही. असा माणूसच नसतो."

"अहो, घालून बघा बरं," बायको म्हणाली.

डिलीटरावानं घातला. कोट त्याला असा बसला की काकांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि एक टाचणी लावायला जागा सापडली नाही. डिलीटरावाची छाती अभिमानानं फुगली. (तेवढ्यापुरती ती सरासरीच्या वर गेली.)

"बघ," तो म्हणाला, "माझ्या आकड्यांत काही चूक नव्हती."

"नव्हतीच," बायको कौतुकानं म्हणाली. "थांबा, तुमचं माप ॲपमध्ये घालून ठेवते. इतक्या वर्षांत राहूनच गेलं."

तिनं एकेक आकडा भरला आणि बटण दाबलं. मोबाईल टुणकन वाजला. तिनं वाचलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

'ही नोंद जास्तीची दिसते. काढून टाकू?'

खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नको'. काका चष्मा पुसून जवळ आले. डिलीटराव सरासरी कोटात अवघडून उभा होता.

"घाई करू नका, बाई," काका म्हणाले. "शांतपणे विचार करा."

आणि ती खरंच खुर्ची ओढून विचार करायला बसली.