कुणीही न बघण्याचा अर्ज

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, सिग्नल लाल असताना, रस्ता ओलांडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ही त्यांची बाजू. सिग्नल चिटपाखरांसाठी नसतो, ही वाहतूक खात्याची.

बावीस वर्षं ‘लाल म्हणजे लाल’ असं ओरडून घसा बसलेला हा माणूस दुपारपर्यंत खात्याच्या ‘नियमभंग दर्शन’ या संकेतस्थळावर झळकला. दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं आणि हातात कलपाचं पाकीट. खासगीपणाचा मान राखायचा म्हणून खात्याने पाकिटावरचं कंपनीचं नाव पुसट केलं होतं. मास्तरांचा चेहरा मात्र लख्ख होता. ‘गर्द काळा’ हे शब्दही.

पहिली प्रतिक्रिया मेहुण्याची आली: “दाजी, उडी झकास! पण केसांचं कधी बोलला नाहीत!”

“मला तर उशीच्या अभ्र्यांवरून ठाऊक होतं,” बायको म्हणाली. “दंड भरा आणि विसरून जा की हो.”

“दंड कधीच भरला! पण लोक विसरतायत का? आज तिघांनी क्लास सोडला. त्यातली एक तोंडावर म्हणाली, सर, केसांबद्दल लपवणारा माणूस ब्रेकबद्दल खरं सांगेल कशावरून?”

महिनाभर हे असंच चाललं असतं तर क्लासला टाळं लागलं असतं. मास्तर तडक खात्यात गेले. खिडकीतल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून बसल्या होत्या.

“फोटो हटवायचाय? मग फोटो द्या. समोरून, डावीकडून, उजवीकडून. तो तुम्हीच आहात हे सिद्ध नको का व्हायला?”

“अहो, खाली माझं नाव छापलंय!”

“नाव काय, कुणाचंही असतं, काका.”

मास्तर पन्नाशीचे होते आणि केस गर्द काळे होते. ‘काका’ जिव्हारी लागलं. त्यांनी जाहीर केलं, “मी निदर्शनं करणार!”

“करा ना,” बाईंनी दुसरा फॉर्म सरकवला. “तो तुमचा हक्कच आहे.”

परवानगी चार दिवसांत मिळाली. अटी साध्या होत्या. गाड्यांना अडथळा नको, म्हणून रस्त्यावर नको. चालणाऱ्यांना अडथळा नको, म्हणून फुटपाथवर नको. उरले झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, तेही पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा असेपर्यंत, म्हणजे अकरा सेकंद. उभं राहायचं नाही, चालत राहायचं. चेहरा झाकायचा नाही. घोषणा द्यायला हरकत नाही, पण कुजबुजत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ‘माझा फोटो हटवा’ असा फलक घेऊन कुजबुजत या फुटपाथवरून त्या फुटपाथवर आणि तिकडून परत इकडे, अशा एकोणीस फेऱ्या मारल्या. विसाव्या फेरीला दम लागला आणि बारावा सेकंद उजाडला. खटकन फोटो निघाला. या खेपेला फलकासकट.

“आता दोन झाले,” बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हे बघा, एक मार्ग आहे. सलग सात दिवस कुणीही फोटो पाहिला नाही, तर लोकांना त्यात रस नाही असं धरून खातं तो आपणहून काढून टाकतं. फक्त एक अर्ज करा.”

मास्तरांना हर्ष झाला. त्यांनी अर्ज दिला आणि ‘कृपया हा फोटो बघू नये’ अशी पत्रकं छापून घरोघर टाकली. नेमका कोणता बघायचा नाही, याचा घोळ नको म्हणून खाली संकेतस्थळाचा पूर्ण पत्ताही दिला. त्या दिवशी चार हजार लोकांनी फोटो पाहिला.

मग ते दारोदार जाऊन हात जोडू लागले. लोक भले होते. “छे छे सर, आम्ही कशाला बघू?” असं म्हणायचे आणि दार लागल्यावर बघायचे. तरी हळूहळू आकडा उतरला. एक दिवस कुणीच पाहिलं नाही. मग दोन दिवस. सहा दिवस झाले. क्लासला दोन नवे विद्यार्थी आले. सातव्या दिवशी सकाळी आकडा शून्यावरून एक झाला.

“कोण आहे तो नतद्रष्ट?” मास्तर गरजले.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, गेला का ते बघत होते.”

सात दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या खेपेला बायकोचा फोन कपाटात आहे, मेहुण्याने शपथ घेतली आहे आणि विद्यार्थी लेखी हमी देऊन बसले आहेत. सहा दिवस पार पडले आहेत. आता या साऱ्या गावात फोटो न पाहिलेलं आणि कुठलीच हमी न दिलेलं एकच माणूस उरलंय, आणि ते गेली पाच मिनिटं हे वाचता वाचता मनात म्हणतंय की दोन्ही पाय खरंच हवेत होते का, एकदा बघायला काय हरकत आहे.

फोन खाली ठेवा.