सिस्टरचा तक्ता

२०२३ साल. मी एक्काहत्तर वर्षांचा. शिक्षण तिसरी, ऐट वकिलाची. त्या वर्षी आमच्या कमलबाईंनी वायफायच्या डब्याला दवाखान्यातल्या खाटेसारखा तक्ता लटकवला.

कमलबाई रिटायर सिस्टर. सगळी नोकरी अपघात विभागात. क्रांती चौकामागं आमची चार घरांची इमारत. चौघांत एकच वायफाय, अन् डबा तळमजल्याला बाईंच्या घरात. नेट अडकायला लागलं तसं बाईंनी फोनवरून डब्याची सेटिंग उघडली अन् कुणाचं आधी सोडायचं, कुणाचं मागून, हे ठरवून टाकलं. लाल आधी, पिवळं नंतर, हिरवं सगळ्यात शेवटी. तक्ता मात्र भिंतीकडं तोंड करून. "पेशंटची फाईल शेजाऱ्याला दाखवत्यात व्हय?"

मला टीव्हीवर कुस्त्या बघायचा नाद. पैलवान पट काढायला वाकला की पडद्यावर चाक गरगर फिरायचं. चाक थांबेस्तोवर एक जण चितपट.

"सिस्टर, माझं आधी लावा. इमारतीत वयानं मी मोठा."

"तात्या, जीव कुणाचा जातोय?" हे त्यांचं ठरलेलं. "फोनवर बोलणाऱ्याचा शब्द तुटला की गेला. तुमचा पैलवान दोन मिनिटं वाकून राहील, मरत नाय."

गावाकडं पाचोडच्या बाजारात मला मागं सारायची कुणाची टाप नव्हती, अन् इथं एक बाई रांग लावणार? मी त्यांच्या दारात खुर्ची टाकून उपोषणाला बसलो. मागणी एकच, सगळ्यांना सारखं. अकराला बाईंनीच चहा दिला, तो घेतला. चहा उपोषणात धरत नाय. दुपारी भाकरी-पिठलं आलं, तेही धरलं नाय.

चारला बाई वैतागल्या. फोनवर बोट फिरवून म्हणाल्या, "घ्या. सगळे सारखे."

मी जिंकलो. वर येऊन टीव्ही लावला.

साताला लेकीचा व्हिडिओ कॉल. ती कुवेतला असते. तिचा कॉल रोज लख्ख लागायचा. माझा फोनच भारी, असं मी इमारतभर सांगायचो. त्या दिवशी ती "बाबा, परवा माझं..." म्हणाली अन् तोंड उघडं तसंच अडकलं.

मी अनवाणीच खाली पळालो. "सिस्टर, लेक अडकली!"

बाईंनी काही न विचारता आपला फोन घेतला, बोट फिरवलं. लेक बोलती झाली. "...ऑपरेशन हाय परवा. पित्ताशयातले खडे. बाबा, मला लई भ्या वाटतंय."

पोरीला धीर दिला, फोन ठेवला. बाई म्हणाल्या, "वर टीव्ही चालू हाय ना? तुमच्याच पैलवानानं तुमची लेक अडवली."

मग मी तक्ता उलटून पाहिला. पहिली ओळ, लाल: तात्या, सात ते साडेसात, लेक. शेवटची ओळ, हिरवी: कमल. घाई नाही.

"तुमचं सगळ्यात खाली?"

"मला कोण फोन करतंय, तात्या," त्या म्हणाल्या अन् तक्ता परत भिंतीकडं फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला मी वरून सिस्टरना व्हिडिओ कॉल लावला. चौदा पायऱ्या उतरल्या असत्या तरी भागलं असतं. पण पोरीला उद्या ऑपरेशनात काय काय करतील, ते मी त्यांच्याकडून फोनवरच ऐकून घेतलं, टीव्ही बंद ठेवून.