बँडचे एकवीस कोट

"आत घे... आणखी घे... हां, आता श्वास घेऊ नकोस."

पडद्याआडून पुटपुटणं ऐकू आलं. आत बँडमध्ये ढोल वाजवणारा औषधवाला एकटाच होता, म्हणजे हे बोलणं त्याचं त्याच्याच पोटाशी चाललं होतं. दुकानात काज करता करता शिंपीमास्तरांच्या बायकोने, काकूंनी, कान टवकारले.

पडदा सरकला. नव्याकोऱ्या निळ्या कोटात औषधवाला खांबासारखा ताठ.

"कसा झालाय?" कापायच्या टेबलामागून मास्तरांनी विचारलं.

"फर्स्ट क्लास!" तो बारीक आवाजात म्हणाला. हातातली पावती खाली पडली, ती त्याने खालीच राहू दिली आणि मान न वळवता निघून गेला.

सकाळपासून हा नववा. नऊच्या नऊ कोट फर्स्ट क्लास, आणि एकालाही वाकता येत नव्हतं.

गावात बँड निघाला त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. बँडचे पहिले कोट मास्तरांनीच शिवले होते. दुकानात कॉम्प्युटर त्याच वर्षी आला. मापं घातली की पॅटर्नचा कागद बाहेर, कागद कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. मापांची वही तेव्हापासून बंद झाली. मास्तर ट्रायलही घेत नसत. "ट्रायल घेतो त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास नसतो," असं म्हणत. त्यापुढचं वाक्य अख्ख्या गावाला पाठ होतं, "माझ्या हाताच्या चुकीने एक जरी कोट उसवायला परत आला, तर त्या दिवशी कात्री खाली ठेवीन."

हल्ली तो हात सकाळी थोडा थरथरे. हेही गावाला ठाऊक होतं. म्हणून तर कोटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. नोकरीच्या गावाहून मुलगी सुट्टीवर आली होती. तिने एक वापरलेलं मशीन आणलं आणि त्यात कुठलीशी फुकटातली सिस्टीम घातली. कापाईचा जुना प्रोग्राम आणि त्यातली आजवरची सगळी मापंही तिने त्यात आणली, पण तो प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमसाठी बनलेला.

"मध्ये मी एक दुभाष्या बसवलाय, बाबा. प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

"म्हणजे फसवणूक!" मास्तरांनी कपाटातून कराराची पुस्तिका काढली. पंचवीस वर्षांत ती उघडणारे जगातले ते पहिलेच असावेत. भिंग लावून त्यांनी वाचलं, "हा परवाना फक्त आमच्या प्रणालीसाठी! बघ! स्वच्छ लिहिलंय."

"प्रोग्राम आपण रीतसर विकत घेतलाय ना? कुणाची नक्कल केलेली नाही. हवं तर कंपनीला फोन करून विचारा."

"आपणहून पत्ता देऊ त्यांना?"

तेव्हापासून कॉम्प्युटरवर टेबलाची चादर पडली, ती फक्त काम असेल तेव्हा उचलली जाई. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारे वकील मापाला आले तेव्हा मास्तरांनी टेप छातीभोवती फिरवत सहज विचारल्यासारखं विचारलं, "वकीलसाहेब, समजा हं, एखाद्याने एका कंपनीचा प्रोग्राम दुसऱ्याच सिस्टीमवर चालवला, तर?"

"करार बघावा लागेल. कोण आहे हा एखादा?"

"लांबचा आहे," मास्तर म्हणाले, आणि गडबडीत छातीचं माप दोनदा घेतलं.

मास्तरांनी मापं सांगितली, मुलीने ती भरली आणि सुट्टी संपवून ती परत गेली. एकवीस कागद छापून आले. कापताना मास्तर एकदा थबकले होते. "हा खांदा ओळखीचा वाटतो गं."

"पंचवीस वर्षं त्यांचेच खांदे कापताय," काकू म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी सभागृहात कोट घालून तालीम ठरली. मास्तर-काकूंना मानाच्या खुर्च्या मिळाल्या. वादकांनाही खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर कुणीच बसेना.

"बसा की!" बँड चालवणाऱ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या स्वतः हात खांद्याच्या वर नेत नव्हत्या.

"उभ्याने सूर मोकळा लागतो, बाई," औषधवाला म्हणाला.

सूर लागला, पण मोकळा नव्हे. प्रत्येक ओळ निम्म्यावर येऊन धापा टाकायची. कर्णेवाले लाल झाले. फक्त बासरीवाली मुलगी मजेत वाजवत होती. बँडमध्ये याच वर्षी आलेली ती एकटीच.

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर येऊन त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला. मुलीने लांबूनच दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं.

"अगं बाई! आई, या सिस्टीमवर तारखा उलट्या लागल्यात. प्रोग्रामला सगळ्यात जुनं माप सगळ्यात नवं वाटतंय."

"म्हणजे बासरीवालीचं एकच माप, म्हणून तिचा बरोबर. आणि बाकीच्यांचे..."

"पहिल्या वर्षीचे."

काकू धावत आत आल्या. मास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते. "बघितलंस? पोट आत, छाती पुढे. अगदी पहिल्या कार्यक्रमाला उभे होते ना, तसेच दिसतायत सगळे."

आता यांना कसं सांगायचं? काकू तोंड उघडणार तेवढ्यात औषधवाल्याने ढोलावर जोरात हात टाकला आणि त्याच्या कोटाचं पितळी बटण सुटून थेट मास्तरांच्या मांडीवर आलं.

बँड थांबला.

"दोरा कच्चा असेल," औषधवाला घाईने म्हणाला.

"हवाच दमट आहे," कर्णेवाल्याने री ओढली.

मास्तरांनी बटण उचललं. ते उलटसुलट करून पाहिलं. तेव्हा काकू त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"पहिल्या वर्षीचं माप?" मास्तर कुजबुजले. "आणि त्या मापाला बरोबर आहेत?"

"तंतोतंत. पंचवीस वर्षं उशिरा शिवले गेले, एवढंच. मी शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापडाची माया सोडलीय, दोन दिवसांत उसवून सैल करू."

"माया सोडायची नाही, असं मी सांगितलं होतं!"

"पंचवीस वर्षं सांगताय."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हणजे खांदा ओळखला होता तो हातानेच, आणि कापला होता तोही बरोबर. कोट जितका घट्ट, तितका हात नेमका! ते टुणकन उठले.

"मंडळी, खरं सांगा. घट्ट आहेत ना?"

"छे छे!" एकवीस जण एका तालात म्हणाले. तालमीत पहिल्यांदाच ताल जमला होता.

"अहो, घट्ट असले पाहिजेत!"

"उलट जरा सैलच आहे माझा," औषधवाल्याने निष्ठेची परमावधी गाठली.

मास्तर कळवळले. खुलासा करावा, तर प्रोग्राम आणि सिस्टीमची गोष्ट काढावी लागणार, आणि समोर ट्रॉम्बोन घेऊन साक्षात कायदा उभा. अखेर ते त्या कायद्यालाच शरण गेले.

"वकीलसाहेब, तुम्ही सांगा. शपथेवर."

वकिलांनी ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला. बँडवरून एकदा नजर फिरवली. मग कोटाचं वरचं बटण काढलं, दुसरं काढलं, आणि कोट चढवल्यापासून पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

"घट्ट आहे, मास्तर. कोटाला दोष नाही. आम्हीच आता त्या मापाचे राहिलो नाही."